खाली गाडीचं भाडं कोण भरणार?

दादर पूर्वेला रात्री साडेदहानंतर टॅक्सीसाठी उभं राहिलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. काच अर्धी खाली होते, चालक विचारतो, ‘‘कुठे?’’ आपण अँटॉप हिल म्हणतो. तो मान हलवतो, ‘‘नाही साहेब, तिकडून खाली यावं लागतं.’’ गाडी दोन हात पुढे सरकते आणि तोच प्रश्न पुढच्या माणसाला विचारला जातो.

‘खाली’ म्हणजे रिकामी. हातात दोन पिशव्या आणि सोबत म्हातारी आई असलेल्या माणसाला हे उत्तर शुद्ध मुजोरीचं वाटतं. कायद्याच्या लेखीही तो गुन्हाच आहे. पण चालकाच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक हिशेब असतो. टॅक्सी दिवसातला बराच वेळ भाड्याविना फिरते किंवा उभी असते. त्या वेळेचा गॅस, गाडीचा हप्ता आणि घरखर्च काही थांबत नाही. मग रिकाम्या फेरीचा खर्च कुणी सोसायचा? चालकाने, प्रवाशाने, कंपनीने की शहराने? परवाने किती द्यावेत, भाडं किती असावं, ॲपला किती मोकळीक द्यावी, हे गेल्या तीस वर्षांतले सगळे वाद खणत गेलं की तळाशी हाच प्रश्न सापडतो. तो सुटला आहे असं म्हणता येत नाही. मुंबई महानगरात हा वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, त्याची ही उजळणी आहे. पुणे, गोवा आणि परदेशातली दोन-तीन शहरं जिथे खरोखर उपयोगी पडतात तेवढीच घेतली आहेत.

निर्णय कुणाच्या हाती?

टॅक्सीचा त्रास झाला की लोक नगरसेवकाकडे तक्रार घेऊन जातात. ते साहजिक आहे. रस्ता महापालिकेचा, दिवे तिचे, फुटपाथही तिचा. टॅक्सीबद्दल मात्र महापालिका जवळपास काहीच ठरवू शकत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. त्याच्या कलम ६७ खाली भाड्याचे निर्देश राज्य सरकार देतं. परवाने राज्य आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणं देतात; मुंबईसाठी मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण आहे. बॅज, मीटरची तपासणी आणि गाडीची योग्यता आरटीओकडे, रस्त्यावरची शिस्त वाहतूक पोलिसांकडे. महापालिकेचा उल्लेख येतो तो कलम ११७ मध्ये. वाहनांचे थांबे आणि स्टँड ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी, एवढाच.

लंडनमध्ये टॅक्सी आणि खासगी भाड्याच्या गाड्यांचे परवाने ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ देतं. ही संस्था महापौरांच्या अखत्यारीत आहे आणि शहराच्या बस आणि भुयारी रेल्वेही तीच चालवते. न्यूयॉर्कमध्ये १९७१ पासून टॅक्सीसाठी शहराचा स्वतंत्र आयोग आहे आणि नगर परिषद कायदे करते. तिथल्या टॅक्सीवाल्यांची आंदोलनं सिटी हॉलसमोर होतात. आपल्याकडची आझाद मैदानावर होतात आणि मोर्चाचं तोंड मंत्रालयाकडे असतं.

या व्यवस्थेच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. मुंबईची टॅक्सी मुंबईच्या हद्दीत थांबत नाही. ठाणे, नवी मुंबई, मिरा-भाईंदर अशा अनेक महापालिका या प्रदेशात आहेत. प्रत्येकीने आपलं भाडं आणि आपले परवाने ठरवले तर ऐरोलीच्या पुलावर प्रवाशाला गाडी बदलावी लागेल. प्रदेशासाठी एक प्राधिकरण असणं सोयीचं आहे. पण त्या प्राधिकरणात शहरातून निवडून आलेला कुणी नसतो आणि बस, मेट्रो, पार्किंग यांचं नियोजन करणाऱ्यांच्या टेबलावर टॅक्सी हा विषयच येत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ कारभार प्रशासकाकडे होता. टॅक्सीचे सर्वांत मोठे निर्णय नेमके याच काळात झाले. त्यांवर महापालिकेच्या सभागृहात चर्चा व्हायला तेव्हा सभागृहच नव्हतं.

परवान्यांची गोष्ट

मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ च्या सुमारास. तोवर भाड्याने मिळायच्या त्या घोडागाड्या, व्हिक्टोरिया. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि मग तीच गाडी पद्मिनी या नावाने शहराची ओळख बनली. खाली काळी, वर पिवळी. रिक्षाला माहीम-सायनच्या दक्षिणेला आजही प्रवेश नाही, त्यामुळे जुन्या शहरात रस्त्यावर हात करून मिळणारं वाहन म्हणजे काळी-पिवळीच.

१९९७ मध्ये राज्य सरकारने नवे टॅक्सी आणि रिक्षा परवाने गोठवले. तेव्हा मुंबईत टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या घरात होती. कायद्यात याला आधार आहे: किमान पाच लाख वस्तीच्या शहरात, केंद्राने तसं सांगितलं तर, राज्याला अशी मर्यादा घालता येते. गर्दी आणि धूर ही कारणं होती. आणखी एक कारण कमी बोललं जायचं: गाड्या फार झाल्या तर प्रत्येकाची खाली फेरी वाढते आणि कुणाचंच पोट भरत नाही.

मर्यादेचा परिणाम दोन टोकांना झाला. एकीकडे परवान्याला स्वतःची किंमत आली. परवाना एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याची आणि चालवणारा तिसराच, जो पाळीला ठरलेली रक्कम मालकाला मोजून उरेल ते घरी नेतो. हा तिसरा माणूस वादात सर्वांत कमी दिसतो. खाली फेरीचा सगळा भार मात्र त्याच्यावर असतो, कारण मालकाची रक्कम ठरलेली असते. दुसरीकडे बंद पडलेले परवाने तसेच पडून राहिले आणि काळ्या-पिवळ्यांची संख्या घटत गेली. गाडीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांवर आली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी त्या हिशेबाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला रस्त्यावरून उतरली.

२०१७ मध्ये रिक्षांच्या परवान्यांवरचं बंधन उठलं. उपनगरांत रिक्षा झपाट्याने वाढल्या आणि स्टँडवरच्या रांगा लांबल्या. आज नवे परवाने थांबवा, अशी मागणी रिक्षा संघटनाच करतात. परवान्याच्या अटींवरही वादंग झालं. रिक्षा परवान्यासाठी मराठीची सक्ती करणारं २०१६ चं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी रद्द केलं. स्थानिकांना प्राधान्य द्यावं की नाही, हा राजकीय प्रश्न त्याने संपला नाही.

मर्यादा घालावी की घालू नये यावर जगात दोन्ही प्रकारचे धडे आहेत. न्यूयॉर्कने १९३७ पासून परवान्यांची संख्या बांधून ठेवली. २०१४ पर्यंत एका परवान्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. कर्ज काढून परवाना घेतलेले चालक, ज्यांत दक्षिण आशियातून गेलेले पुष्कळ होते, किंमत कोसळल्यावर देशोधडीला लागले. २०२१ मध्ये उपोषण झालं तेव्हा कर्जाला कमाल मर्यादा घालणारी तडजोड शहराने केली. आयर्लंडमध्ये उलट घडलं. २००० साली न्यायालयाच्या निकालानंतर संख्येचं बंधन एका फटक्यात गेलं. प्रवाशांचं थांबणं कमी झालं, पण ज्यांनी नुकताच महागडा परवाना घेतला होता त्यांची पुंजी बुडाली आणि त्यांच्यासाठी पुढे सरकारला स्वतंत्र मंडळ नेमून मदत द्यावी लागली. मर्यादा घालणं सोपं असतं, काढणं महाग पडतं. मुंबईने मर्यादा औपचारिकपणे काढण्याआधीच ॲपने ती निरर्थक केली. त्याकडे वळण्याआधी मीटरचं पाहू.

मीटर आणि समित्या

जुन्या टॅक्सीचा मीटर डाव्या काचेबाहेर असायचा. उतरताना त्यावरचा आकडा पाहायचा, मग चालक खिशातून मळकं दरपत्रक काढायचा आणि त्यात तो आकडा शोधून खरं भाडं सांगायचा. प्रत्येक दरवाढीनंतर हे पत्रक बदलायचं. २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि तो कागद हळूहळू गेला.

त्याच वर्षी राज्य सरकारच्या हकीम समितीने दरवाढीसाठी सूत्र दिलं: गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा, चालकाचा निर्वाह खर्च हे सगळं धरून दर वर्षी भाडं आपोआप ठरावं, म्हणजे दर वेळी संप आणि वाटाघाटी नकोत. संघटनांना ते मान्य होतं. मुंबई ग्राहक पंचायतीने त्यावर जोरदार आक्षेप घेतला. प्रत्यक्षात मीटर किती पळतो, गॅसवर खर्च किती होतो, हे गृहीत आकडे कुणी तपासले, हा तिचा मुद्दा होता. मग २०१६ मध्ये खटुआ समिती नेमली गेली. तिने लांबच्या अंतराला दर उतरता ठेवावा, दुपारच्या मंद वेळेत सवलत द्यावी असं सुचवलं आणि ॲप टॅक्सीचं भाडंही नियमात आणायला सांगितलं. दुपारची सवलत हा खाली फेरीवरचाच उपाय होता: रिकामं उभं राहण्यापेक्षा थोडं कमी घ्या, पण गाडी भरा. कल्पना चांगली होती. रस्त्यावर ती दिसली नाही.

दर आज कुठे आहेत? १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २८ वरून ३१ रुपये झालं आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. रिक्षाचं २३ वरून २६ झालं. त्याआधीची वाढ ऑक्टोबर २०२२ मधली होती. सूत्र असूनही वाढ दर वर्षी झालेली नाही.

आता दादरच्या त्या चालकासारख्यांचा हिशेब मांडून पाहू. दहा किलोमीटरच्या फेरीचे मीटरने सुमारे २०७ रुपये होतात. परतीचं भाडं मिळालं तर हा दर किलोमीटरला साधारण वीस रुपये पडतो. गाडी खाली आली तर वीस किलोमीटरच्या गॅसमागे तेच २०७, म्हणजे किलोमीटरला दहाच्या थोडं वर. मीटरला परतीचा रस्ता दिसत नाही. भाडं ठरवताना सरासरी रिकामी फेरी धरलेली असेल, पण सरासरी कुणालाच भेटत नाही. नरिमन पॉइंटच्या चालकाला एक वास्तव भेटतं, मानखुर्दच्या चालकाला दुसरं. भाडं नाकारण्याबद्दल टॅक्सीचालकाला कायद्याने ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, रिक्षाचालकाला त्याहून बराच कमी. पकडलं जाण्याची शक्यता धरली तर नकार देणं स्वस्त पडतं. दंड वाढवा, असं प्रवासी म्हणतात. लांबच्या वस्त्यांसाठी परतीचा काही भाग भाड्यात धरा, असं चालक म्हणतात. दुसरी मागणी मान्य केली तर गरीब वस्तीत राहणाऱ्यालाच जास्त भाडं पडेल. या पेचावर कुणाकडे नेमकं उत्तर आहे असं मला आढळलं नाही.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. मुंबईच्या टॅक्सी नियमनाचं मोठं यश भाड्यात नाही, धुरात आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे २००० नंतरच्या काही वर्षांत डिझेल-पेट्रोलवरच्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. कुरकूर झाली, रांगा लागल्या, पण झालं. हुकूम स्पष्ट असेल आणि पाठपुरावा टिकला तर ही यंत्रणा काम करते, एवढं त्यावरून दिसतं.

ॲपचा शिरकाव

२००७ मध्ये मेरूच्या वातानुकूलित गाड्या फोनवर मिळू लागल्या. सरकारने त्यांच्यासाठी वेगळी योजना आणि वेगळे परवाने ठेवले होते, म्हणजे जुन्याच चौकटीला नवी खोली जोडली गेली. ओला २०१० च्या अखेरीला आणि उबर भारतात २०१३ मध्ये आली तेव्हा खोली जोडण्याचा प्रश्न आला नाही. त्यांच्या गाड्या पर्यटक परवान्यावर धावू लागल्या. त्या परवान्याला शहराची संख्यामर्यादा नव्हती, मीटरही नव्हता. सुरुवातीला कंपन्यांनी भांडवल ओतलं: प्रवाशाला सवलत, चालकाला प्रोत्साहन रक्कम. त्या दोन-तीन वर्षांत खाली फेरीचं भाडं गुंतवणूकदार भरत होते. म्हणूनच सगळे खूश होते. हजारो तरुणांनी कर्जाने गाड्या घेतल्या. ती रक्कम आटली तेव्हा हप्ते चालूच राहिले.

नियमांचा इतिहास लांबणीचा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲप टॅक्सीत झालेल्या बलात्काराच्या घटनेनंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्ये शहर टॅक्सी नियम काढले. त्यांना न्यायालयात आव्हान मिळालं आणि ते प्रत्यक्षात उतरले नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘समुच्चयक’, म्हणजे ॲग्रिगेटर, हा शब्द आला आणि कलम ९३ खाली त्याला परवाना लागेल असं ठरलं. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं दिली. मार्च २०२२ मध्ये एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावलं. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने बाइक टॅक्सी चालवणाऱ्या रॅपिडो या ॲपला राज्यातली सेवा थांबवायला लावली आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मार्च २०२४ मध्ये पुण्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ओला-उबरचे चारचाकीचे अर्ज फेटाळले. गाड्या मात्र धावतच होत्या. परवाना नाही आणि बंदीही नाही, अशा मधल्या अवस्थेत लाखो लोक रोज प्रवास करत राहिले.

२०२५ मध्ये गोष्टी एकदम हलल्या. मे महिन्यात राज्याने ॲग्रिगेटर धोरण काढलं. मागणी वाढली तर भाडं मूळ दराच्या दीडपटीपर्यंतच, सवलत पंचवीस टक्क्यांपर्यंतच, भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला. चालकाने फेरी रद्द केली तर भाड्याच्या दहा टक्के किंवा १०० रुपये यांतलं जे कमी ते त्याच्याकडून, प्रवाशाने केली तर पाच टक्के किंवा ५० रुपये यांतलं कमी ते त्याच्याकडून. जुलैत केंद्राची नवी तत्त्वं आली, ती सैल आहेत: दुप्पट भाड्यापर्यंत मुभा आणि निम्म्यापर्यंत सवलत. त्याच जुलैत मुंबईच्या ॲप चालकांनी संप केला. सप्टेंबरमध्ये राज्याने ॲप टॅक्सीचा मूळ दर किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे ठरवला आणि ऑक्टोबरमध्ये सविस्तर नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला.

केंद्राच्या तत्त्वांतली एक बारीक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूळ भाडं किमान तीन किलोमीटरचं धरावं, म्हणजे प्रवाशापर्यंत रिकामं येण्याचा खर्च त्यात भागेल, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. खाली फेरी हा शब्द कायद्याच्या कागदावर इतक्या सरळ क्वचितच आला असेल. पण ती भरपाई प्रवाशापर्यंत येण्याची आहे. परतीचा रस्ता तिथेही अदृश्यच राहिला.

कोण काय म्हणतं

काळ्या-पिवळीच्या संघटनांचं म्हणणं सरळ आहे: रस्ता तोच, प्रवासी तोच, मग दोन कायदे का? आम्हाला ठरलेला मीटर, नकार दिला तर दंड, गाडीला वयाची मर्यादा. त्यांना गर्दीत दर वाढवायची मुभा. यात तथ्य आहे. उलट बाजूने विचारलं जातं की रस्त्यावर हात करणारा प्रवासी घेण्याचा आणि स्टँडवर उभं राहण्याचा हक्क फक्त काळ्या-पिवळीला आहे, तो कुठे धरायचा?

ॲप चालकांची तक्रार दराची आहे आणि त्याहून जास्त अंधाराची. फेरी स्वीकारताना किती मिळणार, कंपनी किती कापणार, आयडी का बंद झाली, हे कळत नाही. दराचं गणित त्यांच्या बाजूने बोलतं. २२ रुपये ७२ पैशांचा ८० टक्के वाटा होतो १८ रुपये १८ पैसे. म्हणजे वातानुकूलित गाडीच्या चालकाच्या हाती साध्या काळ्या-पिवळीच्या २० रुपये ६६ पैशांपेक्षाही कमी येतात. पूर्ण सवलत दिली आणि वाटा सवलतीनंतरच्या रकमेवर धरला, तर ते १३ रुपये ६३ पैशांवर येतं. म्हणूनच पुण्यात आणि मुंबईत काही चालकांनी ॲपवरचं भाडं बाजूला ठेवून सरकारी दराने पैसे मागायला सुरुवात केली. विमाननगरहून स्टेशनला येताना माझ्या बाबतीतही हे झालं. फोनवर एक आकडा, चालकाच्या मोबाइलवरच्या मीटरमध्ये दुसरा. तो नम्रपणे सांगत होता, ‘‘मॅडम, हाच दर आरटीओने दिलाय.’’ तो खोटं बोलत नव्हता. मीही चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला नव्हता.

कंपन्या म्हणतात, आम्ही गाड्या चालवत नाही, जुळवणी करतो. गर्दीत दर वाढला की घरी बसलेला चालक बाहेर पडतो, पावसात गाडी मिळते ती त्यामुळे. दराला झाकण घातलं तर प्रवाशाला स्वस्त गाडी मिळेल असं नाही, गाडीच मिळणार नाही. शिवाय जवळची गाडी जवळच्या प्रवाशाला जोडून आम्ही खाली फेरी कमी करतो, असा त्यांचा दावा आहे. एका फेरीपुरता तो पटतो. पण गाड्यांच्या संख्येला मर्यादा नसेल तर प्रत्येक गाडीचं रिकामं फिरणं पुन्हा वाढतं, आणि गाड्या जास्त असणं कंपनीच्या फायद्याचं असतं, कारण प्रवाशाला थांबावं लागत नाही.

प्रवाशांचा आवाज एक नाही. रात्रपाळीवरून घरी जाणाऱ्या स्त्रीला गाडीचा माग घरच्यांना पाहता येणं दहा-वीस रुपयांपेक्षा मोलाचं वाटतं. परळच्या रुग्णालयात आठवड्याला यावं लागणाऱ्या कुटुंबाला दर ठरलेला असणं जास्त गरजेचं असतं. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या म्हाताऱ्या माणसासाठी रस्त्यावरची काळी-पिवळी संपणं म्हणजे टॅक्सीच संपणं. धोरणांच्या चर्चेत हा शेवटचा प्रवासी मला फार क्वचित भेटला.

न्यूयॉर्कचा प्रयोग, गोव्याचा पेच

खाली फेरीला थेट हात घालणारं एक मोठं शहर म्हणजे न्यूयॉर्क. २०१८ मध्ये तिथल्या नगर परिषदेने ॲपच्या नव्या गाड्यांवर मर्यादा आणली आणि २०१९ पासून चालकांना किमान मोबदला ठरवून दिला. त्याच्या सूत्रात गाडी किती वेळ प्रवाशासह असते हे प्रमाण भाजक म्हणून घेतलं आहे. गाड्या जितक्या रिकाम्या फिरतील तितका प्रत्येक फेरीमागे जास्त मोबदला. म्हणजे रिकामं फिरण्याचा खर्च, निदान कागदावर, कंपनीच्या खात्यात गेला. पण कंपन्यांनी त्यावर वाट काढली: मागणी कमी असलेल्या वेळी चालकांना ॲपमध्ये शिरूच दिलं नाही. रिकामा चालक मोजलाच गेला नाही तर प्रमाण सुधारतं. तो रस्त्याकडेला गाडीत बसून राहिला, फक्त हिशेबाबाहेर. लंडनने दुसरा मार्ग धरला. २०१७ आणि २०१९ मध्ये उबरचा परवाना नाकारून अटी कडक करून घेतल्या, आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक कामगार आहेत असा निकाल दिला.

गोव्यात टॅक्सीवाले बहुतेक मालक-चालक आहेत, धंदा पर्यटनाच्या हंगामावर चालतो आणि मीटरचा प्रश्न न्यायालयाच्या आदेशांनंतरही धगधगत राहिला. २०१८ मध्ये ‘गोवामाइल्स’ ही ॲप टॅक्सी सेवा आली तेव्हापासून संघर्ष आहे. २०२५ मध्ये सरकारने ॲग्रिगेटरसाठी मसुदा काढला आणि विरोधामुळे तो मागे ठेवला. पर्यटकाला तिथलं भाडं जबर वाटतं. टॅक्सीवाला म्हणतो, पावसाळ्याचे चार महिने खाली जातात, ते हंगामाच्या चार-पाच महिन्यांत भरून काढायचे असतात. मुंबईत खाली फेरी असते, गोव्यात खाली हंगाम असतो.

काय अडलं आहे

चालकाचा ८० टक्के वाटा कशावर मोजायचा, याचं उत्तर लहान वाटतं पण सगळं त्यावर अवलंबून आहे. सवलत कंपनीने स्वतःच्या वाट्यातून द्यायची की दोघांनी मिळून, हे नियमात असंदिग्ध लिहिलं गेलं नाही तर पुण्यासारखे दोन आकड्यांचे वाद चालूच राहतील. काही सेवा आता वाटा घेण्याऐवजी चालकाकडून रोजची ठरलेली रक्कम घेतात. त्यांना ८० टक्क्यांचा नियम कसा लावायचा, हेही ठरवावं लागेल. ठरलेली रक्कम म्हणजे जुन्या पाळीच्या पद्धतीचंच नवं रूप आहे. कमी भाडी मिळाली तरी ती भरावीच लागते.

संख्येचा प्रश्न तसाच आहे. काळ्या-पिवळ्या कमी होत आहेत, रिक्षा वाढल्या, पर्यटक परवान्यावरच्या गाड्यांना मर्यादा नाही आणि आता इलेक्ट्रिक बाइक टॅक्सी येत आहेत. जुलै २०२५ च्या नियमांनी त्यांना एक लाखावर वस्तीच्या शहरांत पंधरा किलोमीटरपर्यंतच्या फेऱ्यांची मुभा दिली. दर ठरला पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये. बेरोजगार तरुणांना काम आणि प्रवाशाला स्वस्त सोय, ही बाजू खरी आहे. जवळची भाडी बाइककडे गेली तर रिक्षाच्या वाट्याला लांबच्या आणि परतीला रिकाम्या फेऱ्याच उरतील, ही भीतीही खरी आहे. या सगळ्या वाहनांचा एकत्र विचार करून शहराला किती हवीत, हे ठरवणारी जागा आज अस्तित्वात नाही.

कामगार म्हणून चालकाचं स्थान थोडं पुढे सरकलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीला द्यायची तरतूद आहे. ती पेन्शनला, आजारपणाला मदत करेल. रोजच्या खाली फेरीला ती स्पर्श करत नाही.

राहिला माहितीचा प्रश्न, आणि इथे मला सर्वांत मोठी संधी दिसते. मीटरच्या काळात रिकामी फेरी मोजता येत नव्हती, म्हणून समित्यांना अंदाज करावे लागले आणि त्या अंदाजांवरून ग्राहक संघटना आणि चालक भांडत राहिले. आज प्रत्येक ॲप गाडी कुठे, किती वेळ, भरलेली की खाली, हे सेकंदागणिक नोंदलं जातं. ती नोंद कंपनीकडे आहे. नियम ती सरकारला तपासता येईल असं म्हणतात. भाडं ठरवण्यासाठी ती वापरावीच लागेल, असं बंधन अजून कुठे नाही. न्यूयॉर्कला आपलं सूत्र बनवता आलं ते तिथल्या आयोगाने प्रत्येक फेरीची नोंद शहराला देणं सक्तीचं केलं म्हणून.

आणि जागेचा प्रश्न. ॲपच्या गाड्यांना स्टँड नाही, म्हणून त्या पुढच्या बुकिंगची वाट पाहत फिरत राहतात किंवा बांद्रा-कुर्ला संकुलात, विमानतळाच्या वाटेवर, बसथांब्यापुढे उभ्या राहतात आणि बस रस्त्याच्या मधोमध थांबते. त्यांना थांबायला जागा दिली तर गॅस वाचेल, गर्दी कमी होईल. ती जागा महापालिकेच्या रस्त्यावर आहे. ती द्यायची तर कलम ११७ पुरेसं आहे. त्यातली सल्लामसलत कधी, कुणी सुरू करायची, एवढंच ठरायचं आहे.